असईचं सैन्य रंगवताना: गणवेशांच्या दोन ऑनलाइन संग्रहांचा अनुभव

गेले काही महिने मी असईच्या लढाईचं (१८०३, इंग्रज विरुद्ध मराठे) सैन्य २८ मिलिमीटरच्या मिनिएचरमध्ये, म्हणजे टेबलावर लढाया खेळायच्या छोट्या सैनिकांमध्ये, रंगवतो आहे. त्यासाठी दोन ऑनलाइन चित्रसंग्रह जवळजवळ रोज उघडतो: न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतला विंकहॉयझेन संग्रह आणि अमेरिकेतल्याच ब्राउन विद्यापीठाचा ॲन ब्राउन लष्करी संग्रह. दोन्ही घरबसल्या आणि फुकट पाहता येतात. मराठीत याबद्दल कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी विंकहॉयझेन. हा डच लष्करातला डॉक्टर, पुढे राजपुत्र अलेक्झांडरचा वैद्य. आयुष्यभर त्याने जगभरच्या गणवेशांची चित्रं जमवली आणि १९११ मध्ये हा ठेवा देणगी म्हणून लायब्ररीकडे आला. बत्तीस हजारांवर चित्रं आहेत. देश आणि कालखंड यांनुसार लावलेली असल्यामुळे शोधताना त्रास होत नाही. २०१६ च्या जानेवारीत लायब्ररीने हक्कमुक्त साहित्य मोठ्या आकारात उतरवून घ्यायला खुलं केलं, त्याचा रंगवणाऱ्याला फार फायदा होतो. बटणांच्या ओळी, कफचा आकार, पाठीवरच्या पिशवीचे पट्टे मोठे करून पाहता येतात. नेपोलियनच्या काळातली युरोपीय सैन्यं रंगवणाऱ्याने इतर काही शोधण्याआधी इथे यावं. प्रशिया, बव्हेरिया, हॉलंड, सगळं भरभरून आहे.

पण हा संग्रह कसा तयार झाला ते ठाऊक हवं. डॉक्टरसाहेबांनी पुस्तकं आणि मासिकं सुटी करून त्यांतली चित्रपानं आपल्या क्रमाने लावली, काही चित्रं स्वतः काढली, रंगवली. त्यामुळे पुष्कळ चित्रांचं मूळ पुस्तक कोणतं, हे चित्रावरून कळत नाही. शिवाय शीर्षकात दिसणारं साल बहुधा गणवेशाचं असतं. चित्र कधी काढलं, याचं ते साल नव्हे. ‘ग्रेट ब्रिटन, १८०३’ असं लिहिलेलं चित्र ऐंशी वर्षांनी कुणीतरी दुसऱ्या चित्रावरून उतरवलेलं असू शकतं. माझ्या दृष्टीने या सगळ्या उद्योगातली हीच कळीची गोष्ट आहे. चित्र कुणी काढलं, कधी काढलं आणि त्याने तो शिपाई डोळ्यांनी पाहिला होता का, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत मी प्रायमरच्या, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराच्या, पुढे जात नाही.

असईचं जे छापील चित्र सगळीकडे दिसतं, ते विल्यम हीथ या इंग्रज चित्रकाराच्या चित्रावरून केलेलं आहे. लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. तेव्हा हीथ लहान मुलगा होता, आणि चित्र छापलं गेलं दशकभरानंतर. धूर, धावपळ, हाणामारी यांसाठी ते सुंदर आहे, मीही ते समोर लावून ठेवलं आहे. कफचा रंग मात्र मी त्यावरून घेणार नाही.

साल इतकं महत्त्वाचं का, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण इंग्रजांकडून लढलेल्या मद्रासच्या देशी पलटणींचं. १८०३ चा मद्रासी शिपाई म्हणजे आखूड लाल जॅकेट, गुडघ्याच्या वर संपणारा पांढरा जांघ्या, पायात चपला आणि डोक्यावर कडक बांधणीचं पागोटं. १८०५ च्या अखेरीस मद्रास सरकारने नव्या नमुन्याची, चामड्याचा तुरा लावलेली टोपी सक्तीची केली, कपाळावरच्या गंधाला आणि दाढीला मनाई केली. त्याचा भडका १० जुलै १८०६ ला वेल्लोरच्या किल्ल्यात उडाला. डोक्यावरच्या वस्तूसाठी माणसं मेली आणि मारली गेली. ती वस्तू आपण दोन-तीन वर्षं अलीकडची-पलीकडची रंगवली तरी चालतं असं म्हणणं मला जमत नाही.

दुसरं उदाहरण हत्तीचं. इंग्रजांकडच्या ७४ वी आणि ७८ वी हायलँडर (स्कॉटिश पायदळ) आणि १९ वी लाइट ड्रॅगून (घोडदळ) या तिघांना असईबद्दल हत्तीचं चिन्ह आणि खास मानाचं निशाण मिळालं. ते दिसतंही देखणं. पण ते याच लढाईचं बक्षीस आहे, तेव्हा असईच्या मैदानावर उभ्या केलेल्या पलटणीच्या हातात ते येईल कसं? तयार मिळणाऱ्या कागदी झेंड्यांत मात्र हत्ती हमखास असतो.

७४ व्या पलटणीला किल्ट (स्कॉटिश घागरा) द्यायचा की पांढरी विजार, ही रंगवणाऱ्यांतली जुनी वादावादी. १८०९ मध्ये सहा स्कॉटिश पलटणींचा हायलँड पोशाख हुकूम काढून बंद केला गेला, त्यांत ७४ वी होती. म्हणजे त्यानंतरच्या चित्रात विजार दिसली तरी तो १८०३ चा पुरावा होत नाही. मी तरीही विजार दिली आहे. पलटण भारतात वर्षानुवर्षं होती, आणि अहमदनगर घेतल्यापासून सैन्य भर पावसाळ्यात चालत होतं. हा माझा अंदाज, पण विचार करून केलेला. कॉलर आणि कफ मात्र नक्की: ७४ चे पांढरे, ७८ चे बदामी.

ॲन ब्राउन संग्रहाची गोष्ट आपल्या छंदातल्या प्रत्येकाला आवडेल. या बाई १९३० मध्ये मधुचंद्राला युरोपात गेल्या, तिथे शिशाचे छोटे सैनिक जमवायला लागल्या, आणि त्यांचे गणवेश बरोबर आहेत का हे तपासायला चित्रं गोळा करू लागल्या. त्यातून लष्करी चित्रांचा हा प्रचंड संग्रह उभा राहिला. तो वापरताना मला चित्रकार, प्रकाशक, साल अशी माहिती जास्त वेळा हाताशी मिळते. म्हणून माझा क्रम आता ठरला आहे. कल्पना यायला विंकहॉयझेन, खात्री करायला ॲन ब्राउन, आणि कापड प्रत्यक्ष कसं दिसतं ते पाहायला लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमच्या साइटवरचे जुन्या कोटांचे फोटो.

हे फोटो पाहिल्यावर लाल रंगाबद्दलचं मत बदलतं. साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांच्या रंगाचा, विटेकडे झुकणारा. अधिकाऱ्याचा कोचिनिअल किड्यापासून केलेला, लखलखीत. एकाच डबीतला लाल दोघांना लावला की पलटण खेळण्यातली दिसते. मी शिपायांना तपकिरी मिसळलेला लाल देतो, वर खांद्यांवर उन्हाने उडालेला फिका हात फिरवतो, आणि शुद्ध लाल अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवतो. टेबलावर तीन फुटांवरूनही फरक कळतो.

आता सगळ्यात अवघड भाग. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याच्याकडे सुमारे साडेचार हजार माणसं लढत होती. समोर शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमन या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखाली त्यांच्या कंपूंचं (कवायती फौजेचं) पायदळच दहा हजारांवर, तोफा शंभराच्या आसपास. म्हणजे रंगवायचं निम्म्याहून जास्त सैन्य आपलं, आणि चित्रं जवळजवळ सगळी त्यांची. या दोन्ही संग्रहांत दौलतरावांच्या पलटणींसाठी मला कामाचं फार थोडं मिळालं. शिंद्यांची कवायती फौज घडवणाऱ्या द बॉइन या युरोपीय सेनानीने उभ्या केलेल्या तेलंगी पलटणींचं वर्णन लाल कोट, निळं पागोटं, काळे चामडी पट्टे असं मिळतं. तेवढ्यावर मी रेग्युलर पलटणी उभ्या केल्या. दोन्हीकडे लाल आला तरी निळी पागोटी आणि काळे पट्टे यांमुळे खेळताना गोंधळ होत नाही. बाकीच्यांसाठी १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांचा आधार घेतला. त्यांतली चित्रं स्थानिक चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेली आहेत. सहा वर्षांचं अंतर आहे, पण काढणाऱ्याने माणसं पाहिली होती. दिल्लीत विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने १८१५ नंतर काढून घेतलेली स्किनरच्या घोडदळातल्या पिवळ्या पोशाखातल्या स्वारांची चित्रंही याच कारणासाठी मोलाची वाटतात. चेहरे, पागोट्याचे पेच, कमरबंदाची गाठ, हे युरोपात बसून काढलेल्या चित्रात येत नाही.

बेसचं, म्हणजे सैनिकाच्या पायाखालच्या चकतीचं, काम मात्र एकाही संग्रहावर सोपवू नका. तयार सेटमधली पिवळी वाळू इथे शोभत नाही. केळणा आणि जुई यांच्या मधला तो जालना जिल्ह्यातला टापू सप्टेंबरात काळ्या ओल्या मातीचा आणि हिरव्या गवताचा असतो. पायांवर, विजारींच्या कडांवर आणि तोफांच्या चाकांवर तोच काळा चिखल ओढा.

वापरण्यापुरत्या दोन सूचना. इंग्रजीत शोधताना पलटणीचा आकडा टाकून भागत नाही, देश आणि दशक टाकून सगळी पानं चाळावी लागतात. फोनवर हे जिकिरीचं होतं, मोठ्या पडद्यावरच बसा. चित्र उतरवून घेतलं की फाइलच्या नावात गणवेशाचं साल आणि चित्राचं साल वेगवेगळं लिहा. दुसरं सापडलं नाही तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. माझ्या फोल्डरमध्ये प्रश्नचिन्हवाली चित्रं पुष्कळ आहेत, आणि शिंद्यांच्या गोलंदाजांचा, म्हणजे तोफा चालवणाऱ्यांचा, गट त्यांच्यामुळेच अजून रंगवायचा थांबवला आहे. तोफांपाशी शेवटपर्यंत उभ्या राहिलेल्या त्या माणसांचा पोशाख नजरेने पाहून काढलेलं त्या काळातलं चित्र कुणाकडे असेल, तर जरूर कळवा.