कम्युनिकेशन मॉड्यूल ‘जळाले’ असे सांगून झालेली फसवणूक

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत आमचा हीट ट्रीटमेंटचा, म्हणजे धातूचे भाग भट्टीत तापवून कठीण करण्याचा, लहान कारखाना आहे. भट्टीच्या पीएलसीला, म्हणजे भट्टी चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाला, ७ ड्राइव्ह (मोटरींचा वेग सांभाळणारी उपकरणे) प्रोफिबस या संदेशजाळ्याच्या जांभळ्या केबलने जोडलेले आहेत. गेल्या पावसाळ्यात पीएलसीच्या कम्युनिकेशन मॉड्यूलवरचा (ड्राइव्हशी संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्या भागावरचा) ‘बीएफ’, म्हणजे बस फॉल्टचा (या जाळ्यातील बिघाडाचा) लाल दिवा मधूनच लागू लागला आणि भट्टी माल आत असतानाच थांबू लागली.

ओळखीतून आलेल्या एका तंत्रज्ञाने लॅपटॉप जोडला, दहा मिनिटांत मॉड्यूल जळाल्याचे सांगितले, हे मॉडेल आता बनत नसल्याने सीलबंद नग मुंबईहून मागवावा लागेल असे पटवले आणि ६२,००० रुपये रोख आगाऊ घेतले. जुने मॉड्यूल तो ‘तपासणीसाठी’ सोबत घेऊन गेला. ग्राहकांचा माल अडकलेला होता, त्या घाईत मी बिलही मागितले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने नवे मॉड्यूल बसवले आणि दिवा विझला. तो दिवा मुळात अधूनमधूनच लागत असे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. पाचव्या दिवशी तो पुन्हा लागला, आणि तंत्रज्ञाचा फोन बंद झाला.

शेजारच्या कारखान्यातील अनुभवी मेंटेनन्स प्रमुख मदतीला आले. त्यांनी सर्वप्रथम पीएलसीच्या सीपीयूचा डायग्नोस्टिक बफर, म्हणजे बिघाडांची आपोआप होणारी नोंद, उघडला. त्यात प्रत्येक बिघाडाची वेळ आणि संपर्क तुटलेल्या स्टेशनचा, म्हणजे ड्राइव्हचा, क्रमांक नोंदलेला होता, आणि दर वेळी शेवटची दोनच स्टेशने तुटली होती. मॉड्यूल खरोखर गेले असते तर सातही एकदम गेली असती. मग वीज बंद करून, सगळे कनेक्टर उपसून त्यांनी कनेक्टरच्या ३ आणि ८ या पिनांमध्ये मल्टिमीटर लावला. केबलच्या दोन्ही टोकांचे २२० ओहमचे टर्मिनेटर (टोकाला संदेश उलटून गोंधळ होऊ नये म्हणून लावलेले रोधक) चालू असतील तर ११० ओहम यायला हवेत; आले २२०. महिन्यापूर्वी शेवटचा ड्राइव्ह बदलताना त्याच्या कनेक्टरवरची टर्मिनेटरची बारीक कळ ‘ऑफ’ राहिली होती. त्यांनी ती नखाने सरकवली. तेव्हापासून आजवर तो दिवा लागलेला नाही.

नंतर आम्ही ते ‘नवे’ मॉड्यूल काढून उजेडात धरले. अनुक्रमांकाच्या लेबलाचा कोपरा सुटला होता आणि त्याखाली जुन्या गोंदाची कड दिसत होती. तेवढ्यात स्क्रूच्या खाचेत मला लाल ठिपका दिसला. दसऱ्याला आम्ही यंत्रांची पूजा करतो, तेव्हा पॅनेल उघडून पीएलसीलाही कुंकवाचे बोट लावतो. आमचेच मॉड्यूल पुसून, लेबल बदलून त्याने आम्हालाच विकले होते.

मॉड्यूल जळाले असे कोणी सांगितले, तर त्याला आधी बफरमधील नोंद दाखवायला लावा, आणि अनुक्रमांकाचा फोटो काढल्याशिवाय कोणताही भाग कारखान्याबाहेर जाऊ देऊ नका. मी पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. पण जुना अनुक्रमांक आमच्याकडे कुठेच लिहिलेला नाही, त्यामुळे त्या कुंकवाच्या ठिपक्याशिवाय दाखवण्यासारखे माझ्यापाशी काही नाही.