भाड्याचा फाउलर पलंग आणि हवेची गादी : रुग्णाइतकाच सांभाळणाऱ्याचा विचार

सासूबाईंना पक्षाघाताचा झटका येऊन उजवे अंग दुबळे झाल्यावर आम्ही नागपूरच्या धंतोलीतील एका दुकानातून फाउलर पलंग (पाठीकडचा भाग वर उचलता येणारा रुग्णपलंग), हवेची गादी आणि कमोड खुर्ची (शौचासाठी भांडे बसवलेली खुर्ची) भाड्याने घेतली. या तिन्ही वस्तूंनी सांभाळणाऱ्याच्या पाठीला आणि झोपेला किती आराम दिला, या कसोटीवर हे परीक्षण आहे.

सर्वाधिक उपयोग गादीचा झाला. तिचे कप्पे आळीपाळीने फुगतात आणि ओसरतात, त्यामुळे माकडहाड, टाचा अशा जागी सतत दाब राहत नाही. मात्र "आता कूस बदलायची गरज नाही" हे विक्रेत्याचे आश्वासन खरे मानू नये. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे चालूच ठेवावे लागते. घरात कोणी कधी कूस बदलली याचा तक्ता कपाटावर चिकटवल्यावर रात्रीच्या पाळ्यांवरून होणारी कुरकुर थांबली आणि प्रत्येकाला काही तास तरी सलग झोप मिळू लागली. गादीवर जाड गोधडी घातली तर तिचा फायदा उरत नाही. पण नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे सरकत असताना, प्लॅस्टिकवर घाम फार येतो, म्हणून एकपदरी सुती चादर घालून ती वरचेवर बदलावी. पंपाला वीज अगदी थोडी लागते. तो इन्व्हर्टरवरच जोडावा, कारण वीज गेली की गादी हळूहळू बसते.

पलंगाबाबत मत संमिश्र आहे. पाठीकडचा भाग उचलता येतो, त्यामुळे गिळताना ठसका लागणाऱ्या रुग्णाला नीट बसवून भरवता येते आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच ठेवता येते. परंतु त्याची उंची स्थिर असल्याने स्पंजिंग करताना आणि डायपर बदलताना मला वाकूनच राहावे लागे, आणि महिनाभरात माझी कंबर धरली. उंची कमी-जास्त होणाऱ्या पलंगाचे भाडे जास्त असले तरी घरात एकच माणूस सांभाळणारा असेल तर काटकसर इथे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कमोड खुर्ची साधीच, पण चांगली. ती रुग्णाच्या सशक्त बाजूला लावावी, चाकांना ब्रेक घालावेत आणि उठवताना दुबळा हात धरून ओढू नये; त्याने खांदा दुखावतो. आमच्या खुर्चीचा एक ब्रेक लागत नव्हता. फोन केल्यावर दुसऱ्याच दिवशी ती बदलून मिळाली, याचे श्रेय दुकानाला द्यायला हवे. अनामत रकमेची पावती मात्र मागितल्याशिवाय देत नाहीत. ती पहिल्या दिवशीच घ्यावी, आणि सामान उतरवणारी माणसे घरात असतानाच पंप चालवून पाहावा.