निवृत्तीनंतरचे विमान: सेसना १७२ की टेक्नाम पी-२००८?

निवृत्तीनंतर स्वतः विमान चालवायचे ठरवणारे बहुतेक जण आधी वेग, आसने आणि कॉकपिटमधले पडदे यांची तुलना करत बसतात. साठीनंतर ज्यांच्यावर सारे अवलंबून असते ते वैद्यकीय प्रमाणपत्र आणि विमानात चढउतार करणारे गुडघे यांचा विचार मात्र मागाहून होतो. या वयात विमान आणि परवाना यांची निवड एकमेकांपासून तोडता येत नाही, म्हणून येथे सेसना १७२ आणि टेक्नाम पी-२००८ ही दोन्ही विमाने परवान्यासकट पारखली आहेत.

अमेरिकेत खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० उड्डाण तास लागतात, हलक्या, साध्या विमानांपुरत्या स्पोर्ट परवान्यासाठी २०. युरोपात हेच आकडे खासगी परवान्यासाठी ४५ आणि हलक्या विमानांच्या एलएपीएल परवान्यासाठी ३० असे आहेत. साठीत शिकायला सुरुवात करणाऱ्याने या किमान तासांवर विसंबून हिशेब मांडू नये, बरेच अधिक तास धरून चालावे. पण खरा फरक तासांत नसून तब्येतीच्या अटींत आहे. युरोपात पन्नाशी उलटली की खासगी परवान्याला लागणारे दुसऱ्या श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र दर वर्षी नवे करावे लागते, एलएपीएलचे मात्र दोन वर्षांनी. अमेरिकेत स्पोर्ट परवान्याला मोटार चालवण्याचा वैध परवानाच तब्येतीचा पुरावा म्हणून चालतो. यात एक मेख आहे: वैमानिकी वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी केलेला अखेरचा अर्ज नाकारला गेला असेल, तर ही सवलत मिळत नाही. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्याने म्हणूनच ‘बघू तरी, मिळतेय का’ अशा उत्साहात अर्ज भरू नये. आधी वैमानिकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे आणि मगच कागदाला हात लावावा.

सेसना १७२ हे चार आसनी विमान दोन्हींकडच्या हलक्या परवान्यांत बसते. एलएपीएलची विमानाच्या वजनाची मर्यादा २,००० किलोंची असल्याने युरोपात प्रश्नच नाही, आणि अमेरिकेत ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी ते स्पोर्ट परवान्याच्याही आवाक्यात आणले, फक्त प्रवासी एकच नेता येतो. १९५५ साली प्रथम उडालेल्या या विमानाची ४४,००० हून अधिक नग बनले, त्यामुळे सुटे भाग, जाणकार मेकॅनिक आणि प्रशिक्षक यांची वानवा भासत नाही. पंख वर आणि दारे दोन्ही बाजूंना असल्याने आत बसणे सोपे जाते. पंख खाली असलेल्या पायपरच्या पीए-२८ मालिकेत दार एकच, तेही उजवीकडे, त्यामुळे वैमानिकाला पंखावर चढून आधी आत सरकावे लागते. तरीही १७२ चे लाड फार करू नयेत. उड्डाणापूर्वी टाक्यांतले इंधन डोळ्यांनी पाहायचे तर पायरीवर पाय देऊन पंखाच्या उंचीला जावे लागते, आणि नव्या १७२ एस विमानात इंधनात पाणी उतरले आहे का हे पाहण्यासाठी तब्बल १३ ठिकाणांहून नमुना काढायचा असतो. पाच-पाच जागा दोन्ही पंखांखाली, उरलेल्या तीन पोटाखाली, आणि या शेवटच्या तिनांसाठी चांगलेच वाकावे लागते. ज्याची कंबर कुरकुरते त्याने विमान उडवून पाहण्याआधी ही तपासणी एकदा स्वतः करून पाहावी.

टेक्नाम पी-२००८ हे इटालियन बनावटीचे दोन आसनी विमान आहे. पंख येथेही वरच, पण धड कार्बन फायबरचे, दारे मोठी आणि खांद्यांना जागा १७२ पेक्षा ऐसपैस. शंभर अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ इंजिन शिसेविरहित पेट्रोलवर चालते आणि इंधन १७२ च्या साधारण निम्मेच पिते. अमेरिकेने शिसेयुक्त विमान-पेट्रोल २०३० च्या अखेरीपर्यंत बंद करण्याचे उद्दिष्ट ठेवले असल्याने ही बाब पुढे आणखी जड पडेल. इंजिनाची निगा मात्र वेगळी असते: तेलाची पातळी पाहण्यापूर्वी प्रज्वलन बंद ठेवून प्रोपेलर हाताने, फिरण्याच्याच दिशेने, तेलाच्या टाकीतून गुडगुड आवाज येईपर्यंत फिरवावा लागतो, नाहीतर मोजपट्टीवर तेल कमीच दिसते. १७२ मध्ये सहसा असते त्या लायकमिंग इंजिनाच्या जुन्या जाणकारांना हा उद्योग पोरकट वाटतो, पण तो टाळून चालत नाही.

पी-२००८ ची खरी उणीव वजनात आहे. उड्डाणावेळी एकूण ६०० किलोंची मर्यादा असलेल्या विमानाचे रिकामे वजन ३७० किलो धरले, तर उरतात २३०; त्यात शंभर लिटर पेट्रोलचे सुमारे ७२ किलो वजा जाता दोन माणसे आणि सामान मिळून १५८ किलो. म्हणजे ८० किलोंचे दोघे बसले की टाकी पूर्ण भरता येत नाही, पिशवी तर दूरच. प्रमाणित जेसी आवृत्तीची मर्यादा थोडी अधिक आहे, तरी विकत घेण्यापूर्वी त्या विशिष्ट विमानाचा वजनपत्रक-कागद मागून स्वतःच्या आणि सहचराच्या वजनाने ही बेरीज करावी, विक्रेत्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नये. दुसरे असे की हलके विमान दुपारच्या वाऱ्यात फार उचल खाते आणि उतरताना इंजिन मंद केले की वेगही पटकन गमावते. आयुष्यभर जड विमाने चालवलेल्यालाही प्रशिक्षकासोबत सरावाची गरज पडते.

माझा कौल असा: दोघेही सडपातळ असतील, सकाळच्या शांत हवेत तास-दोन तासांची फेरी हाच बेत असेल आणि विमान स्वतःच्या मालकीचे हवे असेल, तर पी-२००८ सरस ठरते. नातवंडांना सोबत घ्यायचे असेल तर १७२ लागेल, पण ते विकत घेण्यापेक्षा चार जणांत वाटून घ्यावे किंवा क्लबमधून भाड्याने उडवावे; अमेरिकेत मात्र त्यासाठी खासगी परवानाच हवा. जुने १७२ घ्यायचेच झाले तर नोंदवहीतले एकूण तास पाहून भुलू नये. लायकमिंगचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, इंजिनाच्या वरच्या भागात असतो, विमान महिनोन्महिने उभे राहिले की त्यावरचे तेल निथळून गंज धरतो. म्हणून दर वर्षी किती तास उडाले हे पान न् पान पाहावे, आणि दोन-तीन वर्षे जवळजवळ कोरी दिसली तर सिलिंडर काढून तपासणी करून देण्याची अट विक्रेत्याला घालावी.