वनस्पतीजन्य ऊर्जा-कॅप्सूल : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वनस्पतींच्या अर्कांपासून बनवलेली एक उत्तेजक कॅप्सूल मी काही महिने नियमितपणे घेतली. ब्रँडचे नाव मुद्दामच देत नाही, कारण या प्रकारातील बहुतेक डब्यांवरची घटकसूची एकमेकींशी इतकी मिळतीजुळती असते, की माझे म्हणणे एका कंपनीपुरते उरत नाही. कॅप्सूलचा परिणाम होतो, हे आधी सांगून टाकते. सकाळी घेतल्यावर थोड्या वेळात तरतरी येते, दुपारची सुस्ती कमी होते, व्यायामाचा कंटाळा येत नाही. भूक सुरुवातीला मंदावली होती, ती पुढे पूर्ववत झाली, आणि वजनात सांगण्याजोगा फरक पडला नाही. माझा आक्षेप वेगळाच आहे : ही तरतरी कोणत्या घटकाच्या किती मात्रेमुळे येते, हे पैसे मोजून कॅप्सूल घेणाऱ्याला कळण्याची सोय नाही.

डब्याच्या मागच्या बाजूला ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ (कंपनीचे स्वतःचे, प्रमाण न उघडलेले मिश्रण) असा मथळा आहे आणि त्याखाली ग्वाराना या दक्षिण अमेरिकी वेलीच्या बियांचा अर्क, ग्रीन टीचा अर्क, कडू संत्र्याचा अर्क आणि योहिम्बे या आफ्रिकी झाडाची साल अशी नावे ओळीने दिली आहेत. वजन मात्र सगळ्यांचे मिळून एकच. हे बेकायदा नाही. अमेरिकेतील नियमांनुसार अशा मिश्रणाचे एकूण वजन द्यावे लागते आणि घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. प्रत्येकाचे स्वतंत्र वजन सांगण्याचे बंधन नाही. ग्वाराना आणि ग्रीन टी या दोन्हींत कॅफीन असते, म्हणजे एका कॅप्सूलमधले कॅफीन दोन वाटांनी येते आणि त्याची बेरीज कुठेच छापलेली नसते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅफीन चिंतेचे नसल्याचे म्हटले, तर गरोदर स्त्रियांसाठी दिवसाची मर्यादा २०० मिलिग्रॅम ठेवली. हे आकडे उपयोगाचे आहेत खरे, पण दोन कप कॉफी पिणाऱ्याने त्यांत या कॅप्सूलची भर किती धरायची? मी कंपनीला लेखी विचारले. सूत्र गोपनीय आहे आणि मात्रा सुरक्षित मर्यादेत आहे, असे दोन ओळींचे उत्तर आले. मर्यादा कोणाची, याचा उल्लेख नव्हता.

दुसरा डबा उघडल्यावर कॅप्सूल जरा जास्तच चढते आहे असे वाटू लागले. छातीत धडधड होत होती आणि रात्री उशिरापर्यंत डोळा लागत नव्हता. दोन्ही डब्यांतली एकेक कॅप्सूल उघडून पांढऱ्या कागदावर रिकामी केली, तेव्हा पहिल्या डब्यातली भुकटी एकसारखी हिरवट दिसली, तर दुसऱ्यातली तपकिरी होती आणि तिच्यात बारीक पांढरे, चकाकणारे कण होते. यावरून मात्रेबद्दल काहीच सिद्ध होत नाही, कारण वनस्पतीचा अर्क पिकानुसार आणि काढण्याच्या पद्धतीनुसार बदलतो, आणि डोळ्यांनी पाहून रसायन ओळखता येत नाही. पण दोन्ही डब्यांवरचा मजकूर अक्षरशः एकच होता. त्यानंतर सकाळी कॅप्सूलच्या आधी आणि तासाभराने नाडी व रक्तदाब मोजून वहीत लिहिण्याचा परिपाठ ठेवला. दुसऱ्या डब्याच्या काळात नाडीचे आकडे वरचेवर चढे आले. शरीरातले निम्मे कॅफीन बाहेर पडायला सरासरी पाचेक तास लागतात, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हा काळ जवळपास दुपटीवर जातो, आणि डब्यावर याविषयी एक शब्दही नाही.

कडू संत्र्याचा अर्क या डब्यात का आला, हे समजायला थोडे मागे जावे लागते. चीनमध्ये ‘मा हुआंग’ म्हणून ओळखली जाणारी इफेड्रा ही वनस्पती श्वसनाच्या तक्रारींवर पूर्वापार वापरात होती. १९९० च्या दशकात अमेरिकेत तिचा अर्क वजन घटवण्यासाठी आणि खेळात दम टिकवण्यासाठी सर्रास विकला जाऊ लागला. फेब्रुवारी २००३ मध्ये स्टीव्ह बेकलर हा व्यावसायिक बेसबॉलपटू सरावादरम्यान उष्माघाताने मरण पावला आणि त्यात इफेड्राचाही वाटा असल्याचे शवविच्छेदन करणाऱ्या अधिकाऱ्याने नोंदवले. २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इफेड्रीनवर्गीय अल्कलॉइड (इफेड्रातील उत्तेजक द्रव्ये) असलेल्या आहारपूरकांवर बंदी घातली. त्यानंतर डब्यांवर ‘इफेड्रा-मुक्त’ असे ठळकपणे छापले जाऊ लागले आणि आत कडू संत्रे आले, ज्यातील सिनेफ्रिनची रासायनिक रचना इफेड्रीनला जवळची आहे. सिनेफ्रिन इफेड्रीनइतके तीव्र नाही, हेही न्यायाने सांगायला हवे. तरी पूरकांतून दिवसाला ६.७ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सिनेफ्रिन जाऊ नये, असा जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेचा सल्ला आहे, तर कॅनडाच्या आरोग्य खात्याने कॅफीनशिवाय घेतल्यास निरोगी प्रौढांना ५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिली. एकाच पदार्थाबद्दल दोन जबाबदार यंत्रणांत एवढे अंतर असेल, तर निदान मात्रा तरी डब्यावर असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

योहिम्बेची तऱ्हा याहून वाईट. अमेरिकेतील ४९ ब्रँड तपासणाऱ्या संशोधकांना काहींत योहिम्बीन, म्हणजे या सालीतले मुख्य क्रियाशील द्रव्य, अजिबात सापडले नाही, तर काहींत ते एका मात्रेत १२ मिलिग्रॅमपर्यंत होते. प्रमाणाची अचूक माहिती आणि ज्ञात दुष्परिणाम हे दोन्ही सांगणारे ब्रँड दोनच निघाले. रक्तदाब वाढवू शकणाऱ्या घटकाची ही गत आहे. युरोपीय संघाने २०१९ मध्ये योहिम्बेच्या सालीचा अन्नपदार्थांतील वापर बंद केला.

या सगळ्याच्या मुळाशी कायद्याची रचना आहे. अमेरिकेच्या १९९४ च्या आहारपूरक कायद्यानुसार ही उत्पादने अन्नाच्या गटात मोडतात, त्यामुळे औषधाप्रमाणे विक्रीपूर्व मंजुरी लागत नाही. सुरक्षिततेची जबाबदारी उत्पादकाची, आणि उत्पादन धोकादायक आहे हे दाखवण्याचा भार सरकारी यंत्रणेवर; म्हणजे पुरावा गोळा होईपर्यंत माल लोकांच्या पोटात गेलेला असतो. गंभीर दुष्परिणामांच्या तक्रारी शासनाला कळवणे उत्पादकांवर बंधनकारक झाले ते २००६ च्या कायद्याने. युरोपात शारीरिक परिणामासाठी कॅफीन घातलेल्या पूरकांवर रोजच्या मात्रेतील त्याचे प्रमाण आणि मुलांसाठी व गरोदर स्त्रियांसाठी इशारा द्यावा लागतो. व्यापारी गुपित जपायचे म्हणून आकडा लपवावा लागतो, हा युक्तिवाद मला म्हणूनच पटत नाही, कारण तिथे तोच आकडा छापूनही उत्पादने विकली जातात.

तिसरा डबा मी घेतला नाही. ज्यांना असे काही घ्यायचेच असेल, त्यांनी प्रत्येक घटकाचे वजन स्वतंत्रपणे छापलेले आणि ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’सारख्या त्रयस्थ तपासणीचे चिन्ह असलेले उत्पादन पाहावे, ते चिन्ह संबंधित संस्थेच्या यादीत पडताळून घ्यावे, कारण डब्यावर चित्र छापायला फारसे काही लागत नाही. उच्च रक्तदाब, हृदयाची लय बिघडणे, थायरॉइड, काचबिंदू यांपैकी काही असणाऱ्यांनी आणि नैराश्यावरची औषधे चालू असणाऱ्यांनी घटकसूची डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ही कॅप्सूल तोंडात टाकू नये. परिणामासाठी पाचपैकी साडेतीन गुण देता आले असते. माहितीसाठी शून्य आहे, आणि एकूण गुण मी दीडच देते.