ओटागोची रेल्वेवाट: पायी की सायकलने?

मुलगी न्यूझीलंडला असल्यामुळे ओटागो सेंट्रल रेल ट्रेल ही जुन्या लोहमार्गावरची वाट मला दोनदा करता आली. पहिल्या वेळी मुलगी आणि जावयासोबत चार दिवसांत सायकलने, आणि पुढच्या वर्षी सौभाग्यवतींसोबत सहा दिवसांत पायी. दोन्ही वेळा आम्ही क्लाइडहून मिडलमार्चकडे निघालो. तिकडे जाणारे जळगाव-धुळ्याचे स्नेही आता मला यांपैकी काय निवडावे असे विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहितो.

ज्यांनी पाचोरा-जामनेरच्या पीजेने, म्हणजे नॅरोगेजच्या छोट्या गाडीने, प्रवास केला आहे, त्यांना ही वाट लवकर कळेल. पीजेचा मार्ग ५६ किलोमीटरचा आणि ही वाट १५२ किलोमीटरची, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पीजे. गाडी क्लाइडला १९०७ मध्ये पोहोचली, मिडलमार्च ते क्लाइड हा मार्ग १९९० मध्ये बंद झाला आणि रूळ काढलेल्या त्याच भरावावर २००० मध्ये ही वाट खुली झाली.

पायी जाण्याची बाजू आधी मांडतो, कारण ती दुबळी नाही. लॉडरच्या पुढे पूलबर्नची घळ लागते. तिथले दोन बोगदे आणि सुमारे ३७ मीटर उंचीचा दगडी खांबांचा पूल सायकलवरून निसटता दिसला होता. पायी गेलो तेव्हा पुलाच्या मध्यावर थांबून खांबांचे घडीव दगड निवांत न्याहाळता आले. हाइडजवळ ४ जून १९४३ रोजी झालेल्या अपघातात २१ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मारकापाशी आम्ही दोघे बराच वेळ बसलो. पहिल्या वर्षी, ते लक्षात येईपर्यंत, सायकली पुढे निघून गेल्या होत्या.

तरीही माझे मन फिरले ते चौथ्या दिवशी. आमच्याकडून चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणाऱ्यांत मी अनेक वर्षे असतो, त्यामुळे रोजच्या पंचवीस किलोमीटरांची मला धास्ती नव्हती. गडाच्या वाटेवर मात्र चढ येतो, उतार येतो, गाव येते, कुणीतरी पाणी घेऊन पुढे येते. येथे आगगाडीसाठी राखलेला चढ पन्नास मीटरला एक मीटरहून अधिक कुठेच नाही. सायकलला जे वरदान, तेच चालणाऱ्याला जाचक होते, कारण प्रत्येक पाऊल आधीच्या पावलासारखेच पडते आणि सगळा भार तळव्याच्या त्याच भागावर येत राहतो. वेडरबर्न सोडून आम्ही मॅनियोटोटोच्या मैदानात उतरलो, तेव्हा दूरवर रॅनफर्लीकडची झाडी दिसू लागली. तासभर चाललो तरी ती तेवढीच होती. आणखी पाऊण तास गेला, सौभाग्यवतींच्या टाचेला फोड आला, आणि झाडी जराशी मोठी झाल्यासारखी वाटली. सावली कुठेच नव्हती. त्या सरळ पट्ट्याने मला जितके थकवले, तितके गडाच्या पायऱ्यांनी कधी थकवले नाही.

त्या दुपारी मला पीजेची खिडकी आठवली. शेंदुर्णीच्या अलीकडे दिसलेले झाड, हातातला शेंगांचा पुडा संपायच्या आत, जवळ येऊन मागे पडत असे. लोहमार्गाची वळणे आणि सरळ पट्टे गाडीच्या चालीला धरून आखलेले असतात. सायकलची चाल पीजेच्या जवळपासची, त्यामुळे मैदान कंटाळा यायच्या आत संपते आणि घळ हवी तेव्हा समोर येते. हे मी मोजून सांगत नाही, अनुभवाने सांगतो.

सायकलला त्रास नाही असे मुळीच नाही. बारीक खडीमुळे हँडलवरची बोटे संध्याकाळपर्यंत बधिर होतात आणि सीटची सवय नसल्यास दुसरा दिवस कठीण जातो. वाऱ्याचा तर खास उल्लेख करायला हवा. आपण केळीच्या बागेला शेवरीचा आडोसा करतो, त्या माळावर तसा आडोसाच नाही, आणि एका दुपारी आम्हाला उतारावरही पॅडल मारावे लागले. परंतु वारा संध्याकाळी पडला, आणि फोड मात्र मिडलमार्चपर्यंत सोबत आला.

गुडघे सायकलला साथ देत नसतील किंवा हाताशी आठवडा असेल, तर पायी जाण्यातही समाधान आहे, हे मी मनापासून मानतो. माझ्यापुरते म्हणाल तर तिसऱ्यांदा सायकलच घेईन आणि पूलबर्नच्या घळीत मात्र ती हातात धरून चालेन. त्या बोगद्यांत दिवे नाहीत, तेव्हा बॅटरी खिशात असू द्यावी. सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणारी गाडी दोन्ही प्रकारांत मिळते, फक्त बॅटरी त्या सामानात जाऊ देऊ नये.