सिरॅमिक कोटिंग: मोती खरे, चट्टेही खरे

बोनेटवर बाटलीने पाणी ओतायचं, टपोरे मोती घरंगळताना मोबाइलवर दाखवायचे आणि मग दरपत्रक पुढे सरकवायचं. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे गाडीच्या रंगावर लावायचा, पाणी झटकणारा पातळ कडक थर, विकण्याची रीत सगळीकडे हीच. व्हिडिओत दिसतं ते खोटं नसतं. पण जे थेंब घरंगळत नाहीत, बोनेटच्या सपाट भागावर तसेच बसून राहतात, ते उन्हात वाळल्यावर काय मागे ठेवतात, हे कुणी दाखवत नाही. या परीक्षणात तेवढंच पाहिलं आहे. चकाकी बहुतांशी पॉलिशची असते, कोटिंगची कमी. ती बाजूला ठेवू.

चांगल्या दुकानात गाडी दोन-तीन दिवस राहते. धुणं, लोहकण विरघळवणारं रसायन, डांबर काढणं, क्ले (रुतलेली घाण ओढून काढणारी माती), मशिन पॉलिश, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवणं, आणि सगळ्यात शेवटी कोटिंग. पैसे खरे तर या तयारीचेच. कोटिंगची ३० ते ५० मिलीची बाटली अख्ख्या गाडीला पुरते. थोड्या थोड्या भागावर लावायचं, मिनिटा-दोन मिनिटांत त्यावर इंद्रधनुषी झाक आली की मायक्रोफायबरने पुसायचं. पुसायला उशीर झाला की काळपट पट्टे बसतात आणि ते पुन्हा पॉलिश केल्याशिवाय जात नाहीत. जुलैच्या दमट हवेत हा अंदाज हमखास चुकतो, म्हणून त्या महिन्यांत बंद, एसी असलेली खोली नसेल तर ते दुकान सोडा.

एवढं करून जो थर बसतो तो साधारण एक मायक्रॉनचा. खालचा कारखान्यातला क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) चाळीसेक मायक्रॉनचा असतो, म्हणजे कोटिंग त्याच्या चाळिसाव्या भागाएवढं. ‘९ एच’ हा आकडा पेन्सिलीच्या टणकपणाचा आहे: ९ एच पेन्सिलीने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाळूचा कण त्याहून कठीण असतो. आणि पाण्याच्या चट्ट्यांशी तर या आकड्याचा काडीचाही संबंध नाही.

चट्टा पडतो कसा? कोटिंग नसलेल्या, मेण उडालेल्या रंगावर पाणी पसरतं आणि पातळ वाळतं. क्षारांची पुसट साय राहते. कोटिंगवर तेच पाणी थेंबात गोळा होतं. थेंब आटत जातो, क्षार आत दाट होत जातात आणि शेवटी कडेला साचून गोल कडं उमटतं. पाण्यातलं कॅल्शियमचं बायकार्बोनेट तापून कार्बोनेट बनतं. गीझरच्या कॉइलवर जमतो तोच पांढरा थर, फक्त इथे तो बोनेटवर. हिशेब करून पाहा: धुतल्यावर गाडीवर पाव लिटर पाणी राहिलं आणि त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, लिटरला ६०० मिलिग्रॅम असेल, तर दीडशे मिलिग्रॅम क्षार गाडीवर वाळणार. कोटिंग हे क्षार कमी करत नाही, ठिपक्याठिपक्यांत वाटून देतं. थेंब भिंगासारखा ऊन एकवटून रंग जाळतो, ही मात्र दंतकथा. रंगाला टेकलेल्या थेंबात किरण एकवटण्याची जागा सहसा रंगाच्या पृष्ठभागावर येतच नाही. ऊन चट्टा करतं ते पाणी पटकन आटवून आणि पत्रा तापवून.

म्हणून कोणतं कोटिंग, यापेक्षा कोणतं पाणी, हा प्रश्न मोठा. मुंबईचं तलावांचं किंवा पुण्याचं खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं आहे, चट्टे पुसट पडतात. तीच गाडी टँकर किंवा बोअरच्या पाण्याने धुतली की आठवड्यात फरक दिसतो. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत हवी, पर्याय नसेल तर ६०० पर्यंत चालते. पिण्याला चालणारं हे ६०० वालं पाणी काळ्या गाडीवर अजिबात चालत नाही. दख्खनच्या बेसॉल्टमधून येणाऱ्या पाण्यात विरघळलेली सिलिकाही असते. तिचा चट्टा जास्त चिवट, कारण व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात ती विरघळत नाही.

आणि आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून गाडी धुणारी मंडळी! हेतू उत्तम, पण त्या पाण्यात क्षार वाढलेले असतात. आत जाणारं पाणी ४०० टीडीएसचं आणि त्यातलं तीस टक्के पिण्यासाठी निघत असेल, तर बाहेर पडणारं साडेपाचशेच्या घरात जातं. ते फरशीला वापरा.

सोसायटीत पहाटे एका बादलीत आणि एका फडक्यात दहा गाड्या पुसल्या जातात. कोटिंग केलेल्या गाडीला तो ओला हात बंद करा, टायर आणि काचांपुरताच ठेवा. धुळीवरून फिरणारं फडकं ओरखडे देतं ते वेगळंच.

पावसाबद्दल गैरसमज उलटा आहे. मुसळधार, सलग पाऊस गाडीला फारसं काही करत नाही. घातक तो मेमधला वळीव: दहा मिनिटं सर, मागोमाग कडक ऊन, आणि गाडीवर आठवड्याची धूळ. जवळ बांधकाम असेल तर त्या धुळीत सिमेंट असतं, ते ओलं झालं की चुन्यासारखं दाहक बनतं. अशा सरीनंतर गाडी साध्या पाण्याने धुऊन कोरडी केली तर बराचसा प्रश्न तिथेच मिटतो. सगळ्यात नाजूक काळ कोटिंगनंतरचा पहिला आठवडा. पहिले चोवीस तास पाण्याचा थेंब नको, सात दिवस शाम्पू नको. या दिवसांत बसलेला चट्टा अर्धवट मुरलेल्या थरात रुततो. जूनमध्ये, उघड्यावर गाडी लावणाऱ्याने कोटिंग करून घेऊच नये.

धुण्याची पद्धत: सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना. न्यूट्रल पीएचचा (ना आम्ल, ना अल्कली) शाम्पू, दोन बादल्या: एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची. शेवटी पाइपाचं नोझल काढून टपापासून खाली पाण्याचा संथ पडदा सोडायचा; फवाऱ्याने हजार थेंब उरतात, पडद्याबरोबर बहुतेक पाणी ओघळून जातं. बोअरचं पाणी असेल तर बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड पाणी हाताने पंप मारायच्या फवारणी पंपात भरून शेवटचा हात मारा, हॅचबॅकला पाच लिटर पुरतं. मग पिळाच्या धाग्यांचा मायक्रोफायबर टॉवेल, दाबत नाही, नुसता ओढत. आरसे, हँडल आणि नंबरप्लेटच्या फटी ब्लोअरने, नाहीतर घराबाहेर पडताच तिथून ओघळ येतात.

चट्टा पडलाच तर आधी गाडी धुवा, म्हणजे धूळ घासली जाणार नाही. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी निम्मंनिम्मं करून मायक्रोफायबर भिजवा, चट्ट्यावर मिनिटभर ठेवा, पुसा, भरपूर पाण्याने धुवा. ते वाळू द्यायचं नाही. दोनदा करूनही गेला नाही तर चट्टे काढण्याचं तयार आम्लधर्मी द्रावण, हातमोजे घालून, एका वेळी एकच पॅनल, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक सेकंदही जास्त नाही. शौचालय साफ करायचं ॲसिड आणायचा मोह अनेकांना होतो. त्याने क्रोम आणि ॲल्युमिनियमची वाट लागते. यानंतरही कोरड्या पत्र्यावर कडं दिसत असेल आणि खड्डा जाणवत असेल, तर क्षार राहिलेले नाहीत, रंगच खाल्ला गेला आहे. तिथे पॉलिशच लागतं, पॉलिशबरोबर त्या पॅनलचं कोटिंग निघतं, ते परत लावावं लागतं. हा खर्च कोण देणार, ते आधी विचारून ठेवा.

सहा महिन्यांनी मोती बसके झाले म्हणजे कोटिंग गेलं, असं लगेच म्हणू नये. बऱ्याचदा वर क्षार, लोहकण आणि तेलकट धूर यांची साय असते. लोहकण काढणारं रसायन, मग आम्लधर्मी शाम्पू, एवढ्याने थेंब परत उभे राहिले तर थर जिवंत आहे. ही तपासणी न करता ‘टॉप-अप’चे पैसे मागणारं दुकान ओळखून असा. दर दोन-तीन महिन्यांनी कोटिंगवर मारायचा, पाणी झटकणारा सिलिकाचा तयार स्प्रे, पॅनलला दोन फवारे, एवढं घरी जमतं.

वॉरंटीचा कागद बारीक वाचा. तीन-पाच वर्षांचा आकडा मोठ्या अक्षरात, पाण्याचे चट्टे वॉरंटीत धरलेले नाहीत हे बहुतेक ठिकाणी बारीक अक्षरात, आणि दर सहा महिन्यांच्या सशुल्क भेटीची अट त्याहून बारीक.

पैसे वसूल होतात का? गाडी झाकलेल्या पार्किंगमध्ये, पाणी मऊ, आणि मालक स्वतः धुणारा असेल तर होतात: चिखल लवकर सुटतो, धुण्याचा वेळ वाचतो. उघडं पार्किंग, बोअरचं पाणी आणि पहाटेचं फडकं, हे तिन्ही असेल तर तेच पैसे चांगल्या कव्हरवर आणि दर तीन महिन्यांच्या मेणावर घाला. मेणही चट्टे अडवत नाही, पण चट्ट्यासकट काढून नवं लावता येतं.

दुकान निवडताना मोती बघू नका, थेंब सरकताना बघा. नमुन्याच्या पॅनलवर ड्रॉपरने एकच थेंब ठेवा आणि एक बाजू हळूहळू उचला. थोड्याच उतारावर जो निघतो तो थर कामाचा. थेंब छान गोल असून पॅनल अर्धं उभं होईपर्यंत चिकटून बसला, तर तुमच्या टपावरही तो तसाच बसणार आहे, उन्हात.