जेझुइट शाळेतील अध्यात्म : एका पालकाचा अभिप्राय

आमचा मुलगा शिशुवर्गापासून एका जेझुइट (म्हणजे ‘येशू संघ’ या कॅथलिक धर्मसंघाच्या) शाळेत शिकत असून आता तो आठवीत आहे. शाळेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे मांडलेल्या काही उणिवा तिच्या एकटीच्या नाहीत असे मला वाटते. मैदान, प्रयोगशाळा आणि शुल्क यांविषयी पालक आपसांत पुरेसे बोलतात. परंतु प्रवेश घेताना ज्याची मनात सर्वाधिक धास्ती असते, त्या धार्मिक वातावरणाविषयी नीट माहिती कोणी देत नाही. म्हणून हा अभिप्राय त्या एकाच बाजूचा आहे.

आमचे घर वारकरी परंपरेतले. मुलावर परका धर्म लादला जाईल का, ही शंका आजीने पहिल्याच दिवशी बोलून दाखवली होती. राज्यघटनेच्या कलम 30 नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा अधिकार आहे, तसेच कलम 28 नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. आमच्या शाळेने ही मर्यादा काटेकोरपणे पाळली आहे. कॅथलिक मुले कॅटेकिझमच्या (कॅथलिक धर्मशिक्षणाच्या) तासाला जातात, तेव्हा इतरांचा मूल्यशिक्षणाचा तास असतो, आणि सकाळच्या असेंब्लीतील प्रार्थना कोणत्याही घरच्या मुलाला म्हणता येईल अशी असते.

या शाळेचे खरे अध्यात्म मात्र दुपारी दिसते. घंटा होते, ध्वनिक्षेपकावरून वरच्या वर्गातील एखादा विद्यार्थी सावकाश दोन-तीन प्रश्न विचारतो (आज कोणाचे आभार मानावेसे वाटतात, आज आपण कोणाला दुखावले, उरलेल्या दिवसात काय सुधारता येईल), आणि सगळी शाळा काही मिनिटे डोळे मिटून बसते. एकदा शुल्क भरायला गेलो असताना ही घंटा झाली. खिडकीमागच्या लिपिकबाईंनी अर्धी लिहिलेली पावती तशीच ठेवली, नोटांवर पेपरवेट ठेवला आणि हात जोडून त्या स्तब्ध बसल्या. रांगेतील आम्ही पालकही आपोआप गप्प झालो. मुलांना सांगितलेली गोष्ट मोठी माणसेही करतात, हे तेव्हा प्रत्यक्ष पाहिले आणि शाळेवरचा माझा विश्वास वाढला.

ही रीत जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या साधनापद्धतीतून आलेली आहे. त्या पद्धतीला 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी सिसिलीतील मेसिना येथे जेझुइटांनी सर्वसामान्य विद्यार्थ्यांसाठी विद्यालय सुरू केले. आत्मपरीक्षण आणि अध्यापन हे येथे इतके जुने सोबती आहेत, आणि म्हणूनच एकाकडे दुर्लक्ष झाले तर दुसरे कोरडे पडते.

ते दुर्लक्ष काही ठिकाणी होते, हे खेदाने नमूद करावे लागते. शाळेत आता फादर मोजकेच उरले आहेत. बहुतेक शिक्षक इतर धर्मांचे आहेत आणि त्यात वावगे काहीच नाही, पण त्यांना या साधनेची पुरेशी ओळख करून दिली जात नाही. परिणामी एका वर्गात ती मिनिटे मनापासून पाळली जातात, तर शेजारच्या वर्गात शिक्षिका तेवढ्यात वह्या तपासून घेतात. नववीपासून मूल्यशिक्षणाचा तास गणित आणि विज्ञानाच्या उजळणीकडे वळवला जातो, म्हणजे मुलांना स्वतःविषयी सर्वाधिक प्रश्न पडतात नेमक्या त्याच वयात. वृद्धाश्रमाच्या भेटी होतात, मात्र त्यांत छायाचित्रांनाच अधिक वेळ जातो. जेझुइटांचे तत्कालीन प्रमुख पेद्रो अरुपे यांनी 1973 मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे माजी विद्यार्थ्यांसमोर, आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवले का, असा प्रश्न स्वतःच विचारून त्याचे प्रामाणिकपणे नकारार्थी उत्तर दिले होते. तशी परखड तपासणी आमच्या शाळेनेही स्वतःची करावी.

इतके असूनही, धर्मांतराच्या भीतीने या शाळेपासून दूर राहणाऱ्या पालकांना मी ती भीती सोडण्यास सांगेन. मुलगा संध्याकाळी आजीसोबत हरिपाठ म्हणतो आणि झोपण्यापूर्वी दिवसाचा हिशेबही मनाशी मांडतो; या दोहोंत त्याला काही अडचण वाटत नाही. प्रवेशापूर्वी शाळा पाहायला जाणार असाल तर दुपारची वेळ मागून घ्या आणि नववी-दहावीचे वेळापत्रक अवश्य पाहा. मूल्यशिक्षणाचा तास पूर्ववत करावा, अशी लेखी मागणी आम्ही काही पालकांनी पालक-शिक्षक संघाकडे दिली आहे. तिचा निर्णय झाल्यावर या अभिप्रायात भर घालीन.